गिरिपुष्प लावलं की खत नको, हे खरं नाही

पाऊस तोंडावर आला की बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरू लागतो. त्याचं सार असं: गडग्याकडेला (दगडी कुंपणालगत) गिरिपुष्पाच्या, म्हणजे शेंगावर्गातल्या ग्लिरिसिडियाच्या, फांद्या रोवा, त्यांची मुळं हवेतला नत्र (नायट्रोजन) ओढून शेजारच्या माडाला देतात. गिरिपुष्प नसेल तर टाकळा, कुळीथ, शेंगा येणारं काहीही चालतं. मग विकतच्या खताचा दाणाही लागत नाही. गिरिपुष्प कोकणाच्या फार उपयोगाचं झाड आहे, म्हणूनच हे खोडून काढायला हवं. लोक विसंबून राहतात, माड पिवळे पडतात आणि दोष बिचाऱ्या झाडाला लागतो.

“मुळं शेजाऱ्याला नत्र देतात.” हवेत 78 टक्के नत्र आहे आणि मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू तो पकडतात, इथपर्यंत बरोबर. पण हा देवघेवीचा व्यवहार त्या दोघांतलाच: जिवाणू नत्र देतात, झाड साखर देतं. नत्र जातो पानांत. माडाच्या वाट्याला तो येतो पाला गळून, छाटून, मुळं कुजून. वर्षानुवर्षं कोयता न लागलेलं कुंपण लांबच्या माडाला जवळजवळ काही देत नाही.

“शेंगा येणारं काहीही चालतं.” इथे सगळ्यात जास्त फसगत होते. ओल्या मातीतून चवळीचं रोप हळूच उपटा. मुळांवर गोल गाठी दिसतील. एखादी नखाने फोडा. आत लालसर गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. आता शेजारचा टाकळा उपटून बघा: मुळं स्वच्छ, गाठ एकही नाही. टाकळ्याला शेंगा येतात, पण तो हवेतला नत्र धरत नाही. त्याच्या पानातला नत्र मातीतूनच उचललेला असतो. रस्त्याकडेचा टाकळा कापून बागेत पुरलात तर बागेला मिळकत आहे. बागेतलाच बागेत पुरलात तर नत्र जागच्या जागी फिरला, भर काहीच पडली नाही. त्यापेक्षा कोवळी भाजी करून खा.

कुळीथ मात्र खरोखर नत्र धरतो. पण दाणे भरताना त्यातला बराचसा दाण्यांत जातो, आणि आपण झाडं मुळासकट उपटून खळ्यात नेतो. मग जमिनीत उरलं काय? खतासाठीच पेरायचं तर ताग किंवा धैंचा घ्या आणि फुलोऱ्यावर येताच गाडा. उशीर झाला की देठ चिवट होतात, लवकर कुजत नाहीत.

“खताचा दाणाही नको.” हिशेब करू. गिरिपुष्पाच्या ओल्या पाल्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. दहा किलो पाल्यातून नत्र मिळतो साधारण 60 ग्रॅम. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेची शिफारस मोठ्या माडाला वर्षाला 500 ग्रॅम नत्र, 320 ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि 1200 ग्रॅम पालाश (पोटॅश) अशी आहे. म्हणजे नुसत्या नत्रासाठी माडामागे 80 किलोंच्या आसपास पाला हवा. बागेतच ओळीने गिरिपुष्प लावून नेमाने छाटलं तर तेही जमण्यासारखं आहे. पालाशचं काय? तेवढ्याच पाल्यातून तो निम्मासुद्धा भरत नाही. जांभ्याच्या आम्ल मातीत स्फुरदही अडकून बसतो. त्यामुळे शेणखत, राख आणि कमी पडेल ते विकतचं खत लागणारच.

पाला जाळून राख टाकली तर? पालाश मिळेल, पण नत्र धुरात गेला. माडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यावर पाला नुसता पसरला तर काही नत्र वाळताना उडून जातो, म्हणून वर मातीचा थर हवा. आणि सगळा पाला जूनमध्येच पुरू नका. तो काही आठवड्यांत कुजतो आणि सुटलेला नत्र आषाढातल्या सरी मुळांखाली घेऊन जातात. थोडा पेरणीच्या वेळी पुरा आणि मोठा वाटा भाद्रपदात, पाऊस ओसरल्यावर, ओल असेतो.