‘गावानं दुष्काळ हरवला’, पण मोजला कुणी?

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर, पत्रकारिता शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आसपास संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींत परवा चांगलीच जुंपली. निमित्त होतं विद्यार्थ्यांच्या अंकासाठी आलेला एक लेख. पुरंदर तालुक्यातल्या एका गावानं श्रमदानातून सलग समतल चर (पाणी अडवण्यासाठी उतारावर आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब खड्डे) खणले, विहिरींना पाणी आलं, टँकर बंद झाला. मथळा ‘गावानं दुष्काळ हरवला’.

पत्रकारिता शिकवणारे मास्तर लेखाच्या बाजूनं होते. “गावाकडची बातमी म्हणजे आत्महत्या, मारामारी नाहीतर अपघात. एखाद्या गावानं आपलं आपण निस्तरलं, तर तेही यायला हवं की नाही?”

“यायलाच हवं,” तात्या म्हणाले. त्यांची सगळी नोकरी कृषी खात्यात, पाणलोटाच्या कामांवर गेली. “पण पोरं गेली कधी? ऑक्टोबरात. तेव्हा चर खणलेल्या गावातही पाणी असतं आणि न खणलेल्याही. मे महिन्यात जा, सकाळी मोटर सुरू व्हायच्या आत. वजन बांधलेला टेप विहिरीत सोडा. कठड्यावरून मोजलंत तर कठड्याची उंची वजा करा. रात्रपाळीची वीज होती का तेही विचारा, कारण रात्रभर उपसा झालेल्या विहिरीची पातळी काहीच सांगत नाही.”

एका विद्यार्थिनीनं रास्त शंका काढली: आधीची पातळी कुठून आणायची? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजते, आणि तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. गावात किंवा शेजारी अशी विहीर असेल तर मागच्या वर्षांचे मे महिन्याचे आकडे मागायचे. सोबत महसूल मंडळाचा, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा, पाऊस घ्यायचा. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो, लेखातल्या गावात नव्हे, हे लेखात लिहायचं. पाऊस साधारण सारखा पडलेली दोन वर्षं शेजारी ठेवली, तरच चरांचं श्रेय चरांना देता येतं. चर न खणलेलं शेजारचं एक गाव घेतलं तर आणखी बरं.

मग तात्यांनी वहीच काढली. चर 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल असेल, तर एका मीटरमध्ये 180 लिटर पाणी मावतं. हेक्टरी 250 मीटर चर धरले तर 45,000 लिटर. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. म्हणजे चर एकदा भरले की जेमतेम साडेचार मिलिमीटर पाऊस अडला. हंगामात ते पुन्हा पुन्हा भरतात म्हणून उपयोग होतो, पण गाळ काढला तर. ‘कोट्यवधी लिटर पाणी जिरवलं’ असं कुणी सांगितलं, की आधी चरांची एकूण लांबी विचारायची आणि स्वतः गुणाकार करायचा.

“आणि चर समपातळीत आहे का, ते बघा,” तात्या पुढे म्हणाले. “ए-फ्रेमनं, म्हणजे पातळी बघायच्या ‘A’ आकाराच्या चौकटीनं, आखणी नीट झाली नसेल तर पाणी एका टोकाला धावतं आणि तिथला भराव फुटतो. काम माथा ते पायथा झालं का? खाली नाला आधी खोल केला आणि वरचा डोंगर उघडाच राहिला, तर पहिल्या दोन पावसांत नाला गाळानं भरतो.”

पाणलोटाच्या कामासाठी गाजलेल्या हिवरे बाजार गावाचा विषय निघणारच होता. तिथल्या चरांवर आणि झाडांवर भरपूर लिहिलं जातं. पण त्या गावाचं खरं बळ ग्रामसभेच्या नियमांत आहे: शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, आणि पाऊस बघून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. माझ्या मते विद्यार्थ्यांनी आधी तिथेच खोदायला हवं. पाणी आलं की दुसऱ्याच वर्षी बोअर वाढतात, ऊस येतो, आणि मिळवलेलं सगळं जातं. तुमच्या गावात कोणता नियम ठरला, कोणत्या ग्रामसभेत, मोडला तर काय होतं? ठरावाची नक्कल मागा.

टँकरबद्दल ताईंनी कान टोचले. त्या ग्रामीण आवृत्ती सांभाळतात. “टँकर बंद झाला म्हणजे तहान भागली, असं नसतं. प्रस्ताव मंजूर झाला नाही तरी टँकर येत नाही. पंचायत समितीत मागच्या पाच उन्हाळ्यांच्या खेपांची नोंद मागा. देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: 10 रुपये शुल्क, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून मे महिन्याच्या लेखाचा अर्ज मार्चमध्येच जायला हवा. आणि गावठाणात थांबू नका. शेवटच्या वस्तीवरच्या बाईला विचारा, हंडा कुठून भरता, किती वेळ लागतो. हे सरपंचाला विचारायचं नाही.”

खरा वाद पुढे पेटला. त्या लेखाच्या कच्च्या टिपणात होतं, की वरच्या वस्तीची विहीर आजही एप्रिलमध्ये आटते. लेख लिहिताना ते गाळलं. मास्तर म्हणाले, लोकांनी घाम गाळलाय, त्यांचा निधी अडेल असं कशाला लिहायचं? ताई ठाम होत्या: दुसरं गाव हा लेख वाचून चर खणेल, आणि त्याचीही वरची वस्ती कोरडी राहील. वरची विहीर का आटते ते छापलं, तर ते गाव आधीच वरच्या बाजूला वेगळी सोय करेल.

मी ताईंच्या बाजूचा आहे, पण मास्तरांची काळजी खोटी नाही. अखेर तिघांचं एवढ्यावर जमलं, की उणीव छापायची, मात्र छापण्याआधी गावाला सांगायची आणि त्यांचं उत्तर त्याच परिच्छेदात घ्यायचं. आकडे आणि नावं फोनवर वाचून दाखवायची. लेख मंजुरीला पाठवायचा नाही. त्या वस्तीवरच्या बाईचं नाव छापायचं का, हे तिलाच विचारायचं, तेही सरपंच शेजारी नसताना.

मथळ्यावर मात्र एकमत झालं नाही. मास्तरांना ‘हरवला’ हवंच आहे. तात्या म्हणतात, मे महिन्याचा आकडा येईपर्यंत ‘चर खणले’ एवढंच लिहा.