आभाळ फाटलं, मान्य. पण गाव कुठे वसवलं होतं?

पूर आला की 'आभाळच फाटलं, त्याला कोण काय करणार' हे ठरलेलं उत्तर मिळतं. मायोर्का बेटावरच्या सांत ल्योरेन्स गावाबद्दल वाचल्यापासून मला ते पटेनासं झालंय.

9 ऑक्टोबर 2018. भूमध्य समुद्रातल्या या स्पॅनिश बेटाच्या पूर्व भागात काही तासांत दोनशे मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला. तिथे वर्षभरात पडतो साधारण पाचसहाशे. संध्याकाळी सेस प्लानेस नावाचा ओढा गावात घुसला आणि 13 माणसं गेली. त्यात पर्यटकही होते. काही जण तर चालत्या गाडीतूनच वाहून गेले.

आता हा ओढा बघा. वर्षातला बराच काळ ठणठणीत कोरडा. पाणलोट जेमतेम 23 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या दोनचार गावांची शिवारं. पण मागे डोंगररांग, उतार तीव्र आणि अंतर कमी. वर पडलेलं पाणी गावात पोचायला फार वेळ लागतच नाही. नंतर संशोधकांनी हिशेब केला तेव्हा पुराचा जोर सेकंदाला चारशे घनमीटरच्या पुढे निघाला! गावात मात्र ओढ्याच्या वाट्याला दोन्ही बाजूंच्या घरांमधली चिंचोळी पन्हळ, आणि तिच्यावर पूल. पाणी जाणार कुठून? रस्त्यावरूनच जाणार.

पाऊस तरी एवढा का? उन्हाळाभर तापलेला समुद्र शरद ऋतूत ऊबदारच असतो. वरून थंड हवा आली, खालची दमट हवा डोंगराला धडकून वर चढली की ढग तासन्‌तास एकाच जागी ओतत राहतो. समुद्र जितका तापेल तितकी वाफ जास्त, म्हणून हवामानबदलाचा मुद्दा खोटा नाहीच. पण शरदातले असे पाऊस या किनाऱ्यांना नवे नाहीत. 1403 साली याच बेटावरच्या पाल्मा शहरात सा रिएरा नावाचा ओढा फुगला आणि सुमारे पाच हजार माणसं मेली, असं इतिहास सांगतो.

बरेच जण पर्यटनाला शिव्या घालतात. दहा लाखांहून कमी वस्तीच्या बेटावर वर्षाला कोटभर पाहुणे, त्यामुळे किनाऱ्यावर काँक्रीट वाढलं हे खरंच. पण सांत ल्योरेन्स आतल्या भागातलं जुनं गाव आहे. ते ओढ्यावर बसलंय ते हॉटेलांच्या कितीतरी आधीपासून. दोष ढकलायला हॉटेलवाले सोयीचे, एवढंच.

पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा फुगून वस्त्यांत घुसला आणि माणसं गेली, ते आठवत असेल, तर यातलं काहीच परकं वाटणार नाही.

पुरानंतर शेजारच्या मानाकोर गावचा टेनिसपटू राफाएल नदाल हातात झाडू घेऊन चिखल काढायला आला. तो फोटो जगभर फिरला. चांगलंच केलं त्याने. पण झाडू मारणं सोपं. ओढ्याच्या पात्रातली घरं हलवणं, पूल रुंद करणं, त्यासाठी पैसा आणि लोकांचा राग दोन्ही झेलणं, हे काम कोणालाच नको असतं. पाल्माने सा रिएरा तटबंदीबाहेर वळवला आणि त्याच्या जुन्या पात्रावर आज पर्यटक निवांत फिरतात. वळवला कधी? 1613 मध्ये. पाच हजार माणसं गेल्यावर दोनशे दहा वर्षांनी.