फुस्स

परवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडवर एका परक्या माणसाने जाताना माझ्या हातावर पाच रुपये ठेवले आणि "लाइटबिलाला होतील" म्हणाला. ते नाणं अजून टूलबॉक्सच्या झाकणावर पडून आहे. खर्च करवत नाही, टाकवत नाही.

प्रकरण हवा दाबून टाकीत भरणाऱ्या एका जुन्या कॉम्प्रेसरचं. दोन टप्प्यांचा, 12 बार दाबाचा, 5 हॉर्सपॉवरच्या थ्री फेज मोटारीचा. विकणाऱ्याने "मोटार जरा जड चालते, बाकी ओके" एवढंच सांगितलं होतं आणि वरून निळा रंग मारून दिला होता, नेमप्लेटसकट. पाटी खरवडल्यावर खाली निघालं ते असं: 3.7 किलोवॅट, 415 व्होल्ट, 7.5 अँपिअर, मिनिटाला 1440 फेरे. जुनी मोटार घेणाऱ्याने पैसे देण्याआधी ही पाटी वाचावी, कारण पुढची सगळी भांडणं त्या साडेसात अँपिअरवरच, म्हणजे भरल्या लोडच्या करंटवरच होतात.

लक्षण सोपं होतं. टाकी रिकामी असताना बटण दाबलं की मोटार शहाण्यासारखी फिरायची. 12 बारला प्रेशर स्विचने बंद केली, हवा वापरून काटा 9 वर आला, स्विचने पुन्हा बोलावलं, की मोटार जागच्या जागी नुसती घुमायची, बेल्ट थरथरायचा आणि थोड्या सेकंदांत स्टार्टरमधला रिले (करंट जास्त झाला की लाइट तोडणारा) "टक्".

पाचव्यांदा टक् झालं तेव्हा दारातून आवाज आला, "हवा हाय काय वो मालक?"

मोपेड हाताने ढकलत आणलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक मामा. येळ्ळूरहून बाजारात आले होते, मागचं चाक बसलं होतं. मी म्हटलं, "मामा, मशीन बंद आहे. पुढं पंक्चरवाला आहे, तिकडं जावा."

"तो जेवायला गेलाय. थांबतो की. मला काय घाई न्हाई."

पालथ्या ऑइलच्या डब्यावर मामा बसले ते अडीच तास. आधी चंची सोडली, तंबाखू निवडली, चुना लावला, मळली. माझं सहावं "टक्" त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याचं हाय की असलंच, बारकं. ते बंद झालं की फुस्स करतंय. तुमचं का करंना?"

मी म्हणालो, "मामा, तो लहान कॉम्प्रेसर. हा मोठा आहे."

हे वाक्य आठवलं की मला अजून घाम फुटतो.

मग मी रिवाइंडिंगवाल्याला, म्हणजे मोटारीतली तांब्याची वेटोळी नव्याने भरणाऱ्याला फोन केला. त्याने लक्षण अर्धं ऐकलं आणि निकाल दिला: "वाइंडिंग गेलंय, घेऊन या." न बघता. या धंद्यात मोटारीइतकं गरीब जनावर नाही. व्होल्टेज पडलं, फेज गेला, बेल्ट आवळला, ऑइल संपलं, कुणाचंही पाप असो, जळते ती मोटार. आणि तांबं विकलं जातं किलोवर, त्यामुळे ती निर्दोष आहे हे सांगण्यात कुणाचाच फायदा नाही. खरं वाइंडिंग गेलेलं असेल तर ते स्वतःच सांगतं. डेल्टा जोडणीची मोटार दोन फेजवर जळली तर एकाच फेजची वेटोळी काळी पडतात आणि बाकीच्या दोन फेजची बऱ्यापैकी तांबूस राहतात. स्टार जोडणीत उलटं, दोन काळे, एक शाबूत. झाकण काढून बघायला दहा मिनिटं लागतात. पण दहा मिनिटांचं बिल कसं करणार?

शेजारच्या शेडमधला वायरमन आला. त्याने वाकून बघितलं, डोळा मारला आणि म्हणाला, "रिले दहावर करा, धरंल." हा सल्ला आमच्या एरियात पाण्यासारखा वाहतो. साडेसातची मोटार, रिले दहावर, म्हणजे वॉचमनला झोपेची गोळी देऊन चोर येत नाहीत म्हणायचं. तिसऱ्या आठवड्यात शेडभर वार्निशचा तो करपट वास सुटतो आणि मग हाच वायरमन मान हलवत म्हणतो, "मोटारीतच दम नव्हता."

दोघांना वाटेला लावून मी पद्धतशीर सुरुवात केली. इन्सुलेशन आदल्याच दिवशी बघितलं होतं. चार महिने बंद शेडमध्ये पडलेली मोटार, आणि पाऊस आमचा. त्या दिवसांत आमच्याकडे पापडसुद्धा ताठ उभा राहत नाही. स्टार्टरच्या वायरी सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) मोजलं तर जेमतेम 0.6 मेगाओहम. एकच्या खाली असेल तर मोटारीला लाइट द्यायची नाही. दोन्ही झाकणं काढून आत 200 वॉटचा बल्ब रात्रभर ठेवला, सकाळी 20 वर आलं. ते मिटलं होतं.

आता व्होल्टेज. बोर्डावर नाही, मोटारीच्या टर्मिनलवर मोजायचं, कारण सैल लग (वायरीच्या टोकाची पट्टी) आणि खाल्लेला कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला स्विच) मधेच व्होल्टेज गिळतात. तिन्ही फेजमध्ये 408, 410, 407. उत्तम. संध्याकाळी हेच 375 वर येतं. म्हणजे पाटीवरच्या 415 च्या मानाने व्होल्टेज पडलं जवळजवळ दहा टक्के, पण सुरू होतानाचा जोर वर्गाच्या हिशेबाने सुमारे अठरा टक्क्यांनी उतरतो.

"बीपी किती हाय?" मामांनी विचारलं.

"चांगलं आहे."

"मग हृदयच गेलं असंल."

पुढची पायरी आम्हा बेळगावकरांच्या आवडीची, हद्द ठरवायची. दोष मोटारीत की कॉम्प्रेसरमध्ये? आमचा मोठा सीमावाद 1956 पासून चालला आहे, आयोग झाले, कोर्ट झालं. पण मोटार आणि कॉम्प्रेसरचा वाद पाच मिनिटांत मिटतो: मधला बेल्ट काढायचा. मेन स्विच पाडला, किटकॅट (फ्यूज) काढून खिशात घातले (भिंतीवर ठेवले तर कुणीतरी मदत म्हणून परत लावतो), बेल्ट उतरवला. मोटारीची पुली हाताने फिरवली. गुळगुळीत, बेअरिंगची खरखर नाही. मग लाइट देऊन मोकळी चालवली आणि वायरीला टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावला: 3.1, 3.0, 3.2 अँपिअर. बिनलोडची मोटार साधारण चाळीस टक्के करंट घेते, आणि तिन्ही फेज जवळजवळ सारखे. मोटार निर्दोष सुटली.

पुन्हा लाइट काढली, किटकॅट पुन्हा खिशात. उरलं फ्लायव्हील, म्हणजे कॉम्प्रेसरचं मोठं चाक. टाकीत 9 बार होते. मी दोन्ही हातांनी रेटलं. ते अर्धी फेरी आलं, तटलं, आणि स्प्रिंगसारखं उलटं फिरून हातांतून निसटलं.

मामांनी तंबाखूची पिचकारी दाराबाहेर टाकली. "आत हवा हाय तिच्या."

होती.

कॉम्प्रेसर बंद होतो तेव्हा हेडमध्ये (सिलिंडरच्या डोक्यात) आणि टाकीपर्यंतच्या पाइपात दाबलेली हवा अडकते. टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तो टाकीतली हवा मागे येऊ देत नाही. त्याच्याजवळून एक बारीक कॉपरची नळी प्रेशर स्विचच्या अनलोडरला जाते. स्विच बंद झाला की अनलोडर उघडतो आणि अडकलेली हवा दोन-तीन सेकंदांत बाहेर पडते. फुस्स. पुढच्या वेळी मोटार मोकळ्या पिस्टनवर सुरू होते. फुस्स झालंच नाही तर तिला उठतानाच भरल्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. सहापट करंट, घुमणं, टक्.

टाकीचा ड्रेन उघडला, काटा शून्यावर आल्यावरच पाना लावला आणि हेडकडच्या पाइपाचं नट हळूहळू सैल करून अडकलेली हवा सोडली. बारीक नळी सोडवली. तिच्या तोंडात सायकलच्या स्पोकचा पाऊण इंचाचा तुकडा ठोकलेला होता. वरून टेफलॉन टेप, नीट, प्रेमाने.

का ते नॉन-रिटर्न काढल्यावर कळलं. आतल्या चकतीवर ऑइल आणि कार्बनचा पापुद्रा बसला होता, ती सीटवर टेकत नव्हती. टाकीतली हवा मागे गळत होती आणि अनलोडरमधून अखंड फुस्स चालू राहायचं. पूर्वीच्या मालकाला आवाजाचा वैताग आला. त्याने रोग राहू दिला, आवाज तेवढा बुजवला. त्या दिवसापासून मोटार "जड" चालायला लागली, आणि मग निळा रंग.

चकती रॉकेलने धुतली, सीटला बारीक ग्राइंडिंग पेस्ट घासली, ओ-रिंग नवी टाकली, नळीतून तार फिरवली. बेल्ट चढवला, अंगठ्याने मधोमध दाबल्यावर अर्धा इंच दबेल इतकाच ताण. फ्लायव्हीलच्या पात्यांची हवा सिलिंडरकडे येते का बघितलं. उलटी असती तर दोन फेज अदलाबदल. रिले साडेसातवर. बटण दाबलं. 12 बारला करंट 7.2, स्विच पडला, आणि—

फुस्स.

मामा उठले. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

रेग्युलेटरचा दाब उतरवून मी चाकात तीस पाउंड हवा भरली. 12 बार म्हणजे पावणेदोनशे पाउंड, ते थेट सोडलं असतं तर मामांना येळ्ळूरपर्यंत ट्यूबचे तुकडे वेचत जावं लागलं असतं. मामांनी टायर अंगठ्याने दाबून बघितलं, तोंड वाकडं केलं. "एवढं मोठं मशीन, एवढीच हवा?"

थोडी वाढवली. पाच रुपये दिले. मी नको म्हणालो, तर ते लाइटबिलाचं वाक्य. मग गाडीवर बसता बसता त्यांनी पुन्हा मागचं चाक दाबलं, "जरा जास्तच झाली काय की," म्हणाले, आणि माझ्याकडे बघत नखाने ट्यूबची पिन दाबली.

दोन-तीन सेकंद. बरोबर तेवढीच.