कुपीवरच्या ‘ह्यूमन’ या शब्दापायी

एका इवल्याशा कुपीचा फोटो तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला. लेबलवर ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन एसीई-२’ (एसीई-२ म्हणजे आपल्या पेशींवरचं प्रथिन, ज्याला धरून करोनाचा विषाणू आत शिरतो; रिकॉम्बिनंट म्हणजे त्याचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून बनवलेलं) आणि खाली मजकूर: हे प्रथिन माणसांची फुप्फुसं आणि पाडलेले गर्भ वापरून काढतात, करोनाचं हे प्रवेशद्वार साथीच्या आधीपासून विकायला होतं, म्हणजे साथ ठरवून आणली, आणि कोविडचं औषध याच कुपीत होतं, ते दडवलं. शेजारच्या काकूंनी हे वाचून मला विचारलं, “अरे, तुमच्याकडे माणसं कापतात का?” प्रथिनं शुद्ध करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तो प्रश्न मला लागला, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी ‘ह्यूमन’बद्दल. हा शब्द प्रथिनाचा आराखडा कुणाचा ते सांगतो, माल कुठून काढला ते नाही. काकूंच्या फ्रीजमधल्या इन्सुलिनवरही ‘ह्यूमन’ लिहिलेलं असतं. पूर्वी इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८मध्ये माणसाच्या इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालून ते तयार केलं गेलं आणि १९८२मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी कुणाचंही स्वादुपिंड लागत नाही.

एसीई-२चंही तसंच, फक्त काम जास्त किचकट. या प्रथिनावर साखरेच्या साखळ्या असतात आणि साधे जिवाणू त्या नीट जोडू शकत नाहीत. म्हणून जनुक सस्तन प्राण्यांच्या किंवा किड्यांच्या पेशींत घालतात. मूळ प्रथिन ८०५ अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रथिनाच्या तेवढ्या विटांचं. पेशीच्या पडद्यात रुतणारं त्याचं शेपूट वगळून साधारण ७४०व्या आम्लापर्यंतचा बाहेरचा भाग तेवढा बनवून घेतात, म्हणजे पेशी ते आसपासच्या द्रवात सोडून देतात. पुष्कळदा त्याला हिस्टिडीन या अमिनो आम्लाची छोटी शेपटी जोडलेली असते. द्रव निकेल असलेल्या भरलेल्या नळीतून सोडला की ती शेपटी निकेलला चिकटते, बाकीचं धुऊन जातं, मग इमिडाझोल नावाचं रसायन घालून आपलं प्रथिन सोडवून घ्यायचं. एवढ्या खटाटोपानंतर कुपीत पडतात काही मायक्रोग्रॅम. यात फुप्फुस कुठेही येत नाही.

गर्भाच्या मुद्द्याला बगल देणार नाही, कारण त्यात सत्याचा एक कण आहे. हे प्रथिन बऱ्याचदा एचईके-२९३ नावाच्या पेशींत बनतं. त्या नेदरलँड्समधल्या लायडनच्या प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एका गर्भाच्या मूत्रपिंडापासून वाढवल्या गेल्या. फ्रँक ग्रॅहम यांनी त्यांत अडेनोव्हायरस या विषाणूचा डीएनए घातला. तो त्यांचा २९३वा प्रयोग, म्हणून हा आकडा. त्याच पेशी पन्नास वर्षं विभागत आल्या आहेत आणि जगभर त्यांचीच संतती वापरात आहे. पुण्यात बनलेल्या कोविशिल्डच्या माहितीपत्रकातही यांचाच उल्लेख होता. त्या एका घटनेबद्दल कुणाला नैतिक आक्षेप असेल तर तो मला समजतो, त्यावर बोलायलाही मी तयार आहे. पण कुपीमागे गर्भ लागतो, हे धादांत खोटं आहे.

साथीच्या आधीपासून विकायला होतं, हे मात्र खरंच. एसीई-२ सापडलं २०००मध्ये, रक्तदाबाच्या संशोधनातून: रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन-२ला ते तोडतं. पुढे सार्सची साथ आली आणि तिचा विषाणू, म्हणजे आताच्या करोनाचा आधीचा भाऊबंद, याच प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, हे २००३मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. तेव्हापासून प्रयोगशाळांना ते लागतच होतं. २०२०च्या सुरुवातीला नव्या विषाणूचा दरवाजा काही आठवड्यांत ओळखता आला तो या आधीच्या कामामुळे.

औषध दडवलं, हा आरोप तर सगळ्यात अन्यायाचा. रक्तात एसीई-२ सोडायचं, विषाणूला तेच धरू द्यायचं आणि पेशी वाचवायच्या, ही कल्पना उघडपणे तपासली गेली. त्यासाठी वापरलेलं विद्राव्य (पेशीपासून सुटं, द्रवात विरघळणारं) एसीई-२ कोविडच्या आधीच फुप्फुसांच्या गंभीर आजारासाठी माणसांवर तपासलं गेलं होतं. मग ऑस्ट्रिया, जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये कोविडच्या रुग्णांवर चाचणी झाली. मृत्यू किंवा व्हेंटिलेटर टाळण्याचं मुख्य उद्दिष्ट तिला गाठता आलं नाही, आणि तेही जाहीर झालं. शिवाय ते औषधाच्या दर्जाचं प्रथिन वेगळं आणि ही कुपी वेगळी. हिच्यावर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं, कारण माणसाला टोचण्यासाठी लागणाऱ्या तपासण्या तिच्या झालेल्या नसतात. कृपा करून कुणी हे मागवून टोचून घेऊ नका.

तिचा खरा उपयोग काकूंना दाखवायचं मी कबूल केलंय. ९६ खळग्यांच्या प्लेटच्या तळाला हे एसीई-२ चिकटवायचं. रुग्णाच्या रक्तद्रवात विषाणूच्या काट्याचा, म्हणजे एसीई-२ला धरणाऱ्या त्याच्या प्रथिनाचा, रंगखूण जोडलेला तुकडा मिसळून वर ओतायचा. रुग्णाच्या प्रतिपिंडांनी (विषाणूला रोखणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांनी) तो तुकडा अडवला तर रंग फिका उतरतो, नाही अडवला तर गडद. सिंगापूरमध्ये २०२०मध्ये अशी चाचणी तयार झाली, आणि तिला जिवंत विषाणू हाताळावाच लागत नाही.