पिंजरे मी उचलणार नाही

"वणवा विझून पंधरा दिवस झाले. जगायची ती मांजरं केव्हाच बाहेर आली असतील. पिंजरे उचला आता." भाजलेली मांजरं धरायला आम्ही लावलेल्या पिंजऱ्यांबद्दल सकाळी हा निरोप वाचला, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. पंधरा दिवस हा आकडा ठरवला कुणी?

कोळशी ही मांजर आम्हाला तेविसाव्या रात्री मिळाली होती. मागच्या वणव्यात.

भाजलेलं कुत्रं निदान हाकेला येतं. मांजर दडून बसतं. पडक्या भिंतीखाली, गटाराच्या पाइपात, जळक्या गाडीच्या सांगाड्यात. दिवसा हाका मारत फिरलात तर ते आणखी आत सरकतं. एकोणिसाव्या रात्री कॅमेऱ्यात नुसते दोन डोळे चमकले. मग पिंजऱ्याचं दार बांधून उघडं ठेवलं आणि खाणं रोज वीतभर आत सरकवत गेलो. तेविसाव्या रात्री दार सोडलं, तिचा पाय पिंजऱ्यातल्या पट्टीवर पडला आणि दार मिटलं. लगेच पिंजऱ्यावर चादर टाकली, अंधार झाला की मांजर धडका मारायचं थांबतं. ही तर आधीपासूनच गप्प होती. काळी म्हणून कोळशी नाव ठेवलं. काजळी पुसली, तर पांढरी निघाली.

मिशा जळून गुंडाळलेल्या, चारही पंजांच्या गाद्या सोललेल्या. नसबंदी झालेल्या भटक्या मांजराच्या कानाचं टोक कापलेलं असतं, त्यावरून आम्ही ओळखतो. हिचे कानच जळले होते, ओळखणार कशावरून?

आणि हो, माणसं आधी, असं लोक म्हणतात. मान्य. मांजरं पक्षी मारतात, तेही खरं, म्हणून तर नसबंदी करतो. पण पिंजऱ्यात मूठभर खाणं ठेवल्याने कुठल्या माणसाची मदत अडली?

दुसरा राग मायाळू लोकांवर. गेल्या आठवड्यात एकाने दुखतंय म्हणून मांजराला पॅरासिटामॉल दिली. अहो, मांजराला ते विष आहे! एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. भाजल्यावर बर्फ लावू नका. बरेच दिवस उपाशी असेल तर वाडगा भरून पुढे ठेवू नका, थोडं थोडं द्या आणि डॉक्टरांकडे न्या. ज्याने गोळी दिली तो नंतर रडत होता. त्याला मी फार बोलले, तेवढं बोलायला नको होतं.

"पंजे भरले की सोडून द्या" हेही ऐकते. कॅलिफोर्नियात २०१७ आणि २०१८च्या वणव्यांत भाजलेल्या मांजरांची तिथल्याच डेव्हिस शहरातल्या विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी तपासणी केली. कित्येकांच्या हृदयाचे स्नायू जाड झालेले, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका. वरून दिसतं का हे? कोळशीचीही छाती तपासून घेतली म्हणून मी निश्चिंत झाले. सुरुवातीला तिची ड्रेसिंग गुंगी देऊन बदलावी लागत. पहिले नऊ दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसली. दहाव्या दिवशी पट्टी बांधलेला पंजा माझ्या मनगटावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मी तासभर हललेच नाही.

काल रात्री दोन वाजता जळक्या शेडमागच्या कॅमेऱ्यात कुणीतरी आलं होतं. शेपटी अर्धी, मागचा पाय उचललेला. खाणं हुंगलं आणि परत गेलं. दार आज बांधूनच ठेवते. ज्यांना पिंजरे जड झालेत त्यांनी आपापले न्यावेत, शेडमागचा राहू द्या. आज रात्री सोबत कोण येतंय?