ट्रेलर भारी झालाय ना?

तुमची १८ मिनिटांची शॉर्टफिल्म तयार आहे. कॉलेजचा महोत्सव तोंडावर आलाय आणि सरांनी फर्मान काढलंय: ट्रेलर, पोस्टर चार लोकांना दाखवा, त्यांचं ऐका, मग सुधारून आणा. घाबरू नका. चार लोकांचं ऐकून एक फ्रेमही न बदलण्याचा मला दांडगा अनुभव आहे.

आधी ती चार माणसं नीट निवडा. ट्रेलरमध्ये जे दिसतात त्यांनाच ट्रेलर दाखवावा. हिरोला त्याचा क्लोजअप आवडणारच. प्रश्नही जपून विचारा. "कुठे कंटाळा आला?", "गोष्ट कशाची आहे असं वाटलं?" असलं काही तोंडातून जाऊ देऊ नका, लोक खरंच उत्तर देतात. "भारी झालाय ना?" एवढंच पुरे. जळगावात याचं उत्तर ठरलेलं आहे: "एक नंबर भो!" लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवा.

यासाठी सगळ्यात उत्तम जागा म्हणजे हिवाळ्यातली मळ्यावरची भरीत पार्टी. तुरकाठ्यांच्या जाळावर वांगी भाजली जात असताना गप्प बसा. हिरवी मिरची सढळ हाताने ठेचून घातलेलं गरम भरीत आणि कळण्याची भाकरी माणसाच्या तोंडात गेली, की त्याच क्षणी मोबाईल पुढे करा. त्याला बोलता येत नाही, नाक सूंसूं करतं, डोळे भरून येतात. वहीत लिहा: प्रेक्षक हेलावले.

तरी एखादा मामा निघतोच. माझे मामा असेच. केळीच्या बागेत आम्ही दोन दिवस शूटिंग केलं ती बाग त्यांचीच, म्हणून टाळता आलं नाही. त्यांनी बांधावर उभं राहून, उन्हाला पाठ करून, हाताचा आडोसा धरून पूर्ण ट्रेलर पाहिला. मग मोबाईल परत देत म्हणाले, "भाचा, माले काही दिखनं नही. बठ्ठा अंधारच शे."

अशा वेळी ब्राइटनेस वाढवायचा नाही. खांद्यावर हात ठेवून समजावून सांगायचं, "मामा, त्याला मूड म्हणतात." निम्मं गाव ट्रेलर उन्हातच पाहणार, तोही तडा गेलेल्या काचेवर. पण तो त्यांच्या मोबाईलचा दोष. संवाद ऐकू आले नाहीत म्हणाले, तर केळीची फाटकी पानं वाऱ्यावर फडफडतात तो आवाज मुद्दाम ठेवलाय, असं सांगा. कॉलर माईक घरी विसरला होता हे सांगायची गरज नाही.

लांबीवर कोणी बोललंच तर हसून सोडून द्या. १८ मिनिटांच्या फिल्मला ४ मिनिटांचा ट्रेलर जास्त कसा? तापीच्या पुलावरचा ड्रोन शॉट कापायचा म्हणता? ड्रोनचं भाडं भरलंय, त्यामुळे तो २० सेकंद राहील, आणि पूल संपला तरी राहील. शेवटचा रहस्यभेदही ट्रेलरमध्ये टाकून द्या. नाहीतरी सुरुवातीच्या काळात ट्रेलर सिनेमा संपल्यावर दाखवत, म्हणून तर त्याचं नाव ट्रेलर. परंपरा आपल्याच बाजूने आहे.

जाहिरातीच्या बाबतीत मात्र दादासाहेब फाळक्यांकडून काही शिकू नका. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला तेव्हाची त्यांची जाहिरात प्रसिद्ध आहे: ५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, सगळं फक्त तीन आण्यांत. काय मिळेल, किती मिळेल, केवढ्याला मिळेल, सगळं उघडं करून मोकळे! (फिल्मच्या पट्टीच्या एका फुटात १६ फ्रेम धरल्या तर ५७,००० चित्रांचा एक मैलही भरत नाही. पण तेव्हा हिशेब कोण करत बसतंय.) तुमच्या पोस्टरवर कसं, काळी पार्श्वभूमी, त्यावर राखाडी रंगाचं केसाएवढं बारीक नाव, आणि तारीख, वेळ, हॉल यांपैकी काहीही नाही. ज्याला यायचं तो शोधत येईल.

पोस्टरवरच्या सूचना मात्र एकूण एक स्वीकारा, कारण त्या फोटोंच्या असतात. प्राचार्यांचा फोटो वर डावीकडे, संस्थेच्या अध्यक्षांचा त्याहून मोठा. जनरेटर दिला त्या भाऊंचा गॉगलवाला. ते भाऊ आहेत म्हटल्यावर समोरच्या गटाचे अण्णाही हवेत, नाहीतर उद्या शूटिंगला गल्ली मिळायची नाही. मामांचा फेट्यातला, बागेचं भाडं म्हणून. खाली 'शुभेच्छुक' असं लिहून मित्रमंडळाचे १४ चेहरे. हिरॉईनला कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा उरते. नावाला उरत नाही, पण ते तसंही दिसत नव्हतं.

मग १० बाय ८ च्या फ्लेक्सची फाईल पेनड्राईव्हमध्ये घेऊन छपाईवाल्याकडे जा. तो ती उघडेल, सगळे चेहरे वरून खाली एकदा बघेल, खालून वर एकदा बघेल आणि माऊसवरचा हात न काढता विचारेल, "भो, वाढदिवस कोणाचा शे?"

हाही अभिप्रायच. वहीत लिहायचा नाही.