सेन्सर जुना हाय म्हणं!

कोल्हापुरात म्हैस घ्या, बुलेट घ्या नाहीतर कॅमेरा घ्या. घेणारा एक आणि पारखणारे चाळीस. त्यातून हे बाबूराव पेंटरांचं गाव. त्यांनी इथं स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला, १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. खरी कॉर्नरला तर चक्क कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या कॅमेऱ्याविषयी बोलायचा हक्क इथं वारसानं मिळतो, सात-बारावर नोंद लागत नाही.

मी सगळ्यात स्वस्तातला फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतल्याची बातमी मिरजकर तिकटी ओलांडायच्या आत दाजींचा फोन आला. अभिनंदन वगैरे काही नाही. थेट, "पाव्हणं, सेन्सर जुना हाय म्हणं त्याचा!"

दाजींचं पाइप-फिटिंगचं दुकान. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप, हे त्यांना आदल्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं. पण वैताग असा, की बोलले ते अगदीच खोटं नव्हतं. कॅननने २०१९ मध्ये आरपी हा स्वस्तातला फुल फ्रेम आणला, त्यातला २६.२ मेगापिक्सेलचा सेन्सर २०१७ च्या सिक्स-डी मार्क टू कॅमेऱ्याच्या घराण्यातला. निकॉनच्या २०२० च्या झेड-फाइव्हमध्ये २४.३ मेगापिक्सेल आहेत, पण थोरल्या झेड-सिक्ससारखा बॅक-इल्युमिनेटेड सेन्सर नाही. म्हणजे तारांचं जाळं प्रकाशाच्या वाटेतच. पुढे २०२३ मध्ये कॅननने आर-एटला थोरल्या आर-सिक्स मार्क टूचाच सेन्सर दिला, तर हात हलला की सावरणारी यंत्रणा बॉडीतून गायब, बॅटरी बारकी आणि कार्डाला खाच एकच. कुठंतरी कात्री लागणारच. मला विचाराल तर स्वस्त मॉडेलात सेन्सरपेक्षा बाकीच्या गोष्टींवरच ती जास्त चालते.

"दाजी, माप सगळ्यांचं तेच असतंय," मी म्हटलं. "३६ बाय २४ मिलिमीटर. धाकट्या एपीएस-सी सेन्सरच्या दुपटीहून जास्त जागा."

"माप कुणी विचारलंय? लग्नात फोटो बरं येतील न्हवं?"

आता कळलं. भाचीचं लग्न ठरलं होतं आणि हा फोन म्हणजे फोटोग्राफरचे पैसे वाचवायची बोलणी होती.

हॉलमध्ये, रात्रीच्या हळदीला जुन्या सेन्सरनं मान खाली घालू दिली नाही. आयएसओ (अंधारात चित्र उजळ करायचं सेटिंग) ६४०० ला नेल्यावर जो रवाळपणा दिसतो तो बराचसा प्रकाशच कमी पडल्यामुळे येतो. सेन्सर नवा असला तरी तिथं फार मोठा चमत्कार होत नाही. घात झाला तो भर दुपारी, आयएसओ १०० वर. दाजींचे व्याही मांडवाच्या तोंडाशी उन्हात उभे. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आणि टोपीच्या खाली सगळा अंधार. टोपी वाचवावी तर तोंड जातं, तोंड वाचवावं तर टोपी जाते. आणि मुलीकडच्यांनी व्याह्यांची टोपी घालवणं कुठल्या शास्त्रात बसतं? फ्लॅश मारायचा पर्याय होता, पण मारला असता तर "मग फुल फ्रेम कशाला घेतला?" हे दाजींनी अक्षता पडायच्या आत विचारलं असतं.

मी टोपी वाचवली. रात्री कॉम्प्युटरवर रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) उघडून अंधार चार स्टॉप, म्हणजे सोळापट, वर उचलला. व्याही अंधारातून बाहेर आले, पण एकटे आले नाहीत. गालावर तांबडे-हिरवे ठिपके आणि मानेवर आडव्या रेघा. नव्या सेन्सरात हे पुष्कळ कमी होतं. दाजींनी चष्मा कपाळावर ढकलला, स्क्रीनला नाक लावलं.

"व्याह्यांस्नी गोवर आलाय काय?"

आत्ती मागून म्हणाली, "मी बघतो. सर बाजूला."

तिनं बघितलं आणि गोवर नसून नागीण आहे असं निदान केलं.

वरातीचं प्रकरण वेगळंच. पुढे तालमीतली पोरं मर्दानी खेळ करत होती. कॅमेऱ्याचा आवाज नको म्हणून मी सायलेंट शटर लावलं होतं. त्यात सेन्सर एका दमात चित्र घेत नाही, वरून खाली ओळीओळीनं वाचतो. जुन्या धाटणीच्या २४ मेगापिक्सेलवाल्याला त्याला सेकंदाचा पंधरावा-विसावा भाग लागतो. तेवढ्यात कोल्हापूरचं पोरगं लाठी कुठल्या कुठं नेतं! फोटोत सरळसोट लाठी पार कमानदार झालेली.

वस्तादांनी फोटो दोनदा मोठा करून बघितला. "ही वाकली कशानं?"

मी रोलिंग शटर समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते असू दे. आम्ही बांबू पारखून आणतोय. लोक म्हणतील तालमीत वाकड्या काठ्या हाईत. सरळ कर."

मेकॅनिकल शटर लावून पोरांना रविवारी परत तालमीत उभं केलं, त्याच कपड्यांत.

राहिला व्याह्यांचा फोटो. अल्बमवाल्या पोरानं तो उघडला, मला काही न विचारता चेहऱ्यावर ठिपके पुसणारं नॉइज रिडक्शन असं काही फिरवलं की गोवर, नागीण, सुरकुत्या आणि निम्मं वय एकदम गेलं. मी हरकत घेणार होतो, तोवर दाजींनी व्याह्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवलासुद्धा.

पाच मिनिटांत त्यांचा फोन. "लई भारी! आधार कार्डावर ह्योच लावतो. कॅमेरा कुठला म्हणायचा?"

दाजी माझ्याकडे बघत म्हणाले, "आमच्या पाव्हण्यांचा हाय. सेन्सर जरा जुना हाय, पण चालवून घेतलं आम्ही."